ऑनलाइन थेरपीचं बिल मेडिकेअरला: ‘मला मान्य आहे’ लिहिण्याआधी

मेडिकेअर या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य विम्याचा रिबेट, म्हणजे फीपैकी परत मिळणारी रक्कम, कायद्याने रुग्णाचा असतो, सायकॉलॉजिस्टचा नसतो. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन थेरपी घेताना जे फॉर्म, मेल आणि टिकबॉक्स समोर येतात, त्या सगळ्यांचा उलगडा या एका गोष्टीपाशी होतो. सेशन तुम्ही घेतलंत, खर्च तुमच्या नावावर पडला, म्हणून सरकारकडून परत मिळणाऱ्या रकमेवर हक्कही तुमचाच. ती रक्कम थेट क्लिनिकच्या खात्यात जायची असेल, तर आधी तुम्हाला तो हक्क त्यांच्याकडे सोपवावा लागतो. 1973 च्या हेल्थ इन्शुरन्स अ‍ॅक्टच्या कलम 20ए मध्ये याची तरतूद आहे. क्लिनिकवाले याला ‘असाइनमेंट ऑफ बेनिफिट’ म्हणतात.

हे बारकाईने सांगायचं कारण असं, की सेशननंतर येणारा संमतीचा मेल बरेच जण उघडतच नाहीत, किंवा ‘ओके, थँक्स’ एवढंच उत्तर देतात. तेवढ्याने संमती होत नाही आणि क्लिनिकचे पैसे अडकतात. काही जण उलट टोकाला जातात: पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांवर सह्या करून मोकळे होतात, आणि कुठल्या सेशनचे किती पैसे कुणी उचलले याचा पुढे काही पत्ता राहत नाही. मन आधीच थकलेलं असताना हा कागदोपत्रीचा भाग नकोसा वाटणं साहजिक आहे. पण वर्षाला मिळणारी सेशन्स मोजकी असतात. त्यांचा हिशोब तुमच्या हातात राहायला हवा.

पैसे दोन वाटांनी फिरतात

पहिली वाट खासगी बिलाची. तुम्ही सेशनची पूर्ण फी भरता आणि मेडिकेअर ठरलेला रिबेट तुमच्या बँक खात्यात जमा करतं. हा रिबेट म्हणजे सरकारने त्या सेवेसाठी ठरवलेल्या फीच्या 85 टक्के. सायकॉलॉजिस्टची प्रत्यक्ष फी त्याहून कितीही जास्त असू शकते, तिच्यावर सरकारचं बंधन नाही. जुलै 2025 पासूनच्या दरांनुसार क्लिनिकल (म्हणजे जास्तीचं प्रशिक्षण आणि तशी मान्यता असलेल्या) सायकॉलॉजिस्टबरोबरच्या 50 मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या सेशनला 145.25 डॉलर परत मिळतात, तर साध्या नोंदणीकृत सायकॉलॉजिस्टबरोबरच्या तेवढ्याच सेशनला 98.95 डॉलर. समजा दोघांचीही फी 220 डॉलर आहे. पहिल्याकडे तुमच्या खिशातून 74.75 डॉलर जातील, दुसऱ्याकडे 121.05. या फरकाला ‘गॅप’ म्हणतात. अपॉइंटमेंट घेताना ‘फी किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुम्ही क्लिनिकल आहात का, आणि माझा गॅप किती पडेल?’ हे दोन्ही विचारा.

दुसरी वाट बल्क बिलिंगची. यात तुम्ही एक पैसाही भरत नाही. रिबेटचा हक्क क्लिनिककडे सोपवता आणि क्लिनिक तो रिबेट हीच पूर्ण फी म्हणून स्वीकारतं. इथे ‘पूर्ण’ या शब्दाला कायद्याचं वजन आहे. एखादं सेशन बल्क बिल केलं की त्याच सेशनसाठी बुकिंग फी, अ‍ॅडमिन चार्ज, प्लॅटफॉर्म फी असं काहीही वेगळं मागता येत नाही. ‘बल्क बिल करतो, फक्त वर 30 डॉलर द्या’ असं कुणी म्हणालं तर ते नियमात बसत नाही. गॅप घ्यायचा असेल तर त्यांनी खासगी बिल करावं आणि तुमचा रिबेट तुम्हाला मिळू द्यावा.

हक्क सोपवण्याची संमती फक्त या दुसऱ्या वाटेवर लागते. खासगी बिलात क्लिनिक तुमच्या वतीने ऑनलाइन क्लेम पाठवून देतं, ती निव्वळ सोय आहे. पैसे तुमच्याच खात्यात येतात. मात्र खातं मेडिकेअरकडे नोंदवलेलं नसेल तर क्लेम मंजूर होऊनही रक्कम लटकून राहते. मायगव्ह या सरकारी पोर्टलमधून मेडिकेअरच्या खात्यात जाऊन बीएसबी (बँक आणि शाखेचा क्रमांक) आणि खाते क्रमांक एकदा तपासून घ्या.

आधी पात्रता

संमतीला अर्थ येतो तो तुम्ही त्या सेशनसाठी पात्र असलात तरच. हिरवं कार्ड नागरिकांचं आणि कायम रहिवाशांचं. निळं, म्हणजे अंतरिम कार्ड, कायमच्या व्हिसाचा अर्ज केलेल्या आणि अटींत बसणाऱ्यांचं. पालक व्हिसाचा अर्ज प्रलंबित असलेल्यांना मात्र ही अंतरिम सवलत मिळत नाही. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे भेटीला आलेल्या आईवडिलांच्या नावाने मेडिकेअरचं बिल होऊ शकत नाही. विद्यार्थी व्हिसावर असाल तर तुमचा विमा ओएसएचसीचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा असतो, त्याचे नियम त्या विमा कंपनीकडे विचारा.

कार्ड असलं तरी थेट सायकॉलॉजिस्टकडे जाऊन रिबेट मिळत नाही. बेटर अ‍ॅक्सेस या योजनेखाली, जी नोव्हेंबर 2006 मध्ये सुरू झाली, आधी जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून रेफरल द्यावं लागतं. सायकायट्रिस्ट किंवा बालरोगतज्ज्ञही रेफर करू शकतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून जीपीचा हा प्लॅन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडूनच किंवा मायमेडिकेअर या रुग्णनोंदणी योजनेत तुम्ही जिथे नाव नोंदवलंय त्या प्रॅक्टिसमधूनच (दवाखान्यातूनच) यायला हवा. कुठल्याशा ऑनलाइन सेवेतून पाच मिनिटांत प्लॅन काढून आणण्याचा मार्ग त्यामुळे आक्रसला आहे.

कॅलेंडर वर्षात, म्हणजे 1 जानेवारी ते 31 डिसेंबर, 10 वैयक्तिक सेशन्सना रिबेट मिळतो. एका रेफरलवर पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त 6. मग जीपीकडे परत जाऊन पुढचं रेफरल. प्लॅनला बारा महिन्यांची मुदत असते हा समज चुकीचा आहे. रेफरलवर लिहिलेली सेशन्स संपेपर्यंत ते चालतं. डिसेंबरात 2 उरली असतील तर ती जानेवारीत घेता येतात, फक्त ती नव्या वर्षाच्या 10 मध्ये मोजली जातात.

तो मेल नीट वाचू या

ऑनलाइन सेशनमध्ये समोरासमोर सही होत नाही. म्हणून बल्क बिलिंगची संमती बहुतेक वेळा मेलवर घेतली जाते. नीट लिहिलेल्या मेलमध्ये साधारण हे असतं:

*रुग्णाचं नाव. सायकॉलॉजिस्टचं नाव. सेवेची तारीख आणि वेळ. आयटम नंबर 91170. मेडिकेअर लाभाची रक्कम 98.95 डॉलर. हा लाभ थेट आरोग्य व्यावसायिकाला देण्यास तुमची संमती असल्यास पुढील वाक्य आणि तुमचं नाव लिहून या मेलला उत्तर द्या.*

आता एकेक गोष्ट.

नाव मेडिकेअर कार्डावर आहे तसंच हवं. कार्डावर ‘अनघा सुरेश’ असेल आणि मेलमध्ये लग्नानंतरचं आडनाव असेल, तर क्लेम परत येण्याची शक्यता असते. एकाच कार्डावर कुटुंबातली चार माणसं असतात तेव्हा आणखी एक घोळ होतो. कार्डाचा दहा आकडी नंबर सगळ्यांचा एकच, आणि प्रत्येकाच्या नावाआधी एक छोटा आकडा असतो: 1, 2, 3. त्याला आयआरएन म्हणतात. क्लिनिकच्या फॉर्ममध्ये हा आकडा चुकीचा पडला तर बायकोचं सेशन नवऱ्याच्या नावावर लागतं. तिच्या नावावर काहीच लागत नाही आणि त्याच्या 10 मधून एक कमी होतं. नोंदणी करताना कार्डाचा फोटो पाठवलात तरी ‘माझा आकडा 2 आहे’ असं शब्दांत लिहून द्या.

तारीख झालेल्या सेशनची हवी. ज्या सेशनला संमती देताय ते खरोखर झालेलं असावं, त्याच दिवशी झालेलं असावं. पुढच्या महिन्याच्या चार तारखा एका मेलमध्ये टाकून एकाच उत्तराची अपेक्षा कुणी करत असेल, तर प्रत्येक सेशनचा वेगळा मेल मागा.

आयटम नंबरवर, म्हणजे मेडिकेअरने त्या सेवेला दिलेल्या कोडवर, सगळ्यात कमी लोक नजर टाकतात, आणि पैसे तर त्याच्यावरच ठरतात. 91170 म्हणजे नोंदणीकृत सायकॉलॉजिस्टबरोबर व्हिडिओवर 50 मिनिटं किंवा अधिक. 91169 म्हणजे तेच, पण 20 मिनिटांपासून 50 च्या आत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं 50 मिनिटांपुढचं व्हिडिओ सेशन 91167, आणि 30 मिनिटांपासून 50 च्या आतलं 91166. फोनवरच्या सेशनचे नंबर निराळे: क्लिनिकलसाठी 91181 आणि 91182, इतर सायकॉलॉजिस्टसाठी 91183 आणि 91184. मिनिटं मोजायची ती तुमच्याशी प्रत्यक्ष बोलण्याची. तुम्ही वेटिंग रूमच्या स्क्रीनवर घालवलेली दहा मिनिटं किंवा नंतर त्यांनी नोट्स लिहायला घेतलेला वेळ त्यात धरत नाहीत. 41 व्या मिनिटाला ‘आज इथेच थांबू’ असं ठरलं असेल आणि मेलमध्ये 50 मिनिटांचा नंबर दिसला, तर संमती देण्याआधी विचारा. बहुतेक वेळा सिस्टीमने नेहमीचा नंबर आपोआप टाकलेला असतो, आणि एका उत्तरात दुरुस्ती होते. व्हिडिओ बंद पडून सगळं बोलणं फोनवर झालं असेल तेव्हाही हेच: जे घडलं त्याचा नंबर हवा.

उत्तर देताना मेलमधलं संमतीचं वाक्य जसंच्या तसं कॉपी करा. इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा. हे उत्तर म्हणजेच तुमची सही. ‘शुअर’ किंवा अंगठ्याच्या खुणेने क्लिनिकला काही उपयोग नाही. ही उत्तरं क्लिनिकला दोन वर्षं जपून ठेवावी लागतात. तुम्हीही एक फोल्डर करून ठेवा. मेलमध्ये तुमचा मेडिकेअर नंबर उघडा लिहिलेला नसावा. दिसलाच तर तो काढून पाठवायला सांगा.

काही क्लिनिक मेलऐवजी डिजिटल सहीचा फॉर्म वापरतात. 2024 मध्ये संसदेने लाभ सोपवण्याच्या पद्धती आधुनिक करणारा कायदा केला, त्यामुळे तुमच्या क्लिनिकची पद्धत बदललेली दिसली तर बिचकू नका. पद्धत कोणतीही असो, तपशील भरल्याशिवाय सही करायची नाही. कोऱ्या फॉर्मवर रुग्णाची सही घेणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत रुग्णाला मिळायलाच हवी. कोविडच्या काळात तोंडी ‘हो’ म्हणण्यालाही वाव दिला गेला होता, पण आता लेखीचाच आग्रह धरा. उद्या वाद झाला तर बोललेलं कुणालाच दाखवता येत नाही.

एका फॉर्ममध्ये तीन वेगळ्या संमती

पहिल्या अपॉइंटमेंटआधी क्लिनिक जो लांबलचक ऑनलाइन फॉर्म पाठवतं, त्यात निदान तीन संमती एकत्र गुंफलेल्या असतात. पहिली उपचाराची: थेरपी कशी चालेल, ऑनलाइन पद्धतीच्या मर्यादा काय, मध्येच नेट गेलं तर कुठल्या नंबरवर फोन येईल, तुम्ही त्या वेळी कुठे बसला आहात आणि आणीबाणीत कुणाला कळवायचं. दुसरी पैशांची: फी, गॅप, रद्द करण्याचे नियम, कार्डावरून पैसे कापण्याची परवानगी. तिसरी माहितीची: तुमच्याबद्दल कुणाला काय सांगितलं जाईल.

या तिघींपैकी कुठलीही संमती म्हणजे बल्क बिलिंगची संमती नव्हे. ‘मी मेडिकेअर बिलिंगला मान्यता देतो’ असा टिकबॉक्स नोंदणी फॉर्मवर असला, तरी तो फार तर क्लेम पाठवण्याची परवानगी ठरतो. लाभ सोपवण्याच्या संमतीत विशिष्ट सेवा, तारीख आणि रक्कम दिसायला हवी. वर्षभराला पुरेल अशी एक मोघम टिक तिची जागा घेऊ शकत नाही.

रद्द करण्याच्या नियमाकडे नीट लक्ष द्या. ऐन वेळी सेशन चुकलं तर अनेक क्लिनिक अर्धी किंवा पूर्ण फी लावतात, आणि तसं आधी लेखी कळवलं असेल तर ते त्यांना करता येतं. पण न झालेल्या सेशनला मेडिकेअर एक पैसाही देत नाही. ते पैसे पूर्णपणे तुमच्या खिशातून. चुकलेल्या सेशनसाठी बल्क बिलिंगचा मेल आला, तर संमती देऊ नका: न झालेली सेवा झाली असं तुमच्या नावाने सांगितलं जाईल आणि तुमच्या 10 मधलं एक सेशन फुकट जाईल.

मेडिकेअरला काय कळतं आणि घरात काय कळतं

आपल्याकडे बहुतेकांच्या मनात खरी धास्ती इथेच असते. क्लेमबरोबर मेडिकेअरकडे जातं ते तुमचं नाव, कार्ड नंबर, तारीख, सायकॉलॉजिस्ट कोण, रेफर कुणी केलं, आणि आयटम नंबर. सेशनमध्ये काय बोललात, नोट्स, निदानाचा तपशील यातलं काही क्लेमबरोबर जात नाही. मात्र आयटम नंबरवरूनच कळतं की हे मानसिक आरोग्याचं सेशन होतं. मेडिकेअरला गोपनीयतेचे कडक नियम लागू आहेत, आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी ही माहिती पाठवली जात नाही. जीवनविमा किंवा इन्कम प्रोटेक्शन घेताना मात्र कंपनी तुम्हालाच आरोग्याचा इतिहास विचारते, आणि तिथे खरं सांगणं बंधनकारक असतं. खासगी बिल करून, मेडिकेअरला दूर ठेवलं तरी ते बंधन टळत नाही.

जीपीचं वेगळं. रेफरलवर चाललेल्या उपचारांचा लेखी अहवाल सायकॉलॉजिस्टने टप्प्याच्या शेवटी रेफर करणाऱ्या डॉक्टरला पाठवायचा असतो, ती योजनेचीच अट आहे. म्हणून ‘जीपीला काहीच कळवू नका’ आणि ‘मेडिकेअरचा रिबेट हवा’ या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. पण अहवालात किती खोलात जायचं, याबद्दल सायकॉलॉजिस्टशी मोकळेपणाने बोलता येतं. ‘काम आणि झोपेबद्दल लिहा, सासरच्या गोष्टी लिहू नका’ असं सांगण्यात गैर काही नाही.

घरातली गोपनीयता हा भाग क्लिनिकचे फॉर्म जवळजवळ कधीच समजावत नाहीत. एकाच कार्डावर असलात तरी मायगव्हमधल्या मेडिकेअर खात्यात एक प्रौढ दुसऱ्या प्रौढाचा क्लेम इतिहास पाहू शकत नाही. पण खासगी बिलात फी नवऱ्याच्या खात्यातून गेली आणि क्लेम त्याच्या नावाने केला, तर रिबेट त्याच्याच खात्यात येतो आणि त्याला तो दिसतो. घरात दोघांचा मिळून एकच मेल आयडी असेल तर संमतीचा मेलही तिथेच येणार. क्लिनिकला स्वतःचा वेगळा मेल आणि मोबाइल नंबर द्या, एसएमएसची आठवण कुठल्या शब्दांत येते तेही विचारून ठेवा. माय हेल्थ रेकॉर्ड या तुमच्या सरकारी ऑनलाइन आरोग्य नोंदीत मेडिकेअरच्या क्लेमची नोंद दिसू शकते. ती नको असेल तर तिथल्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, किंवा एखादी नोंद लपवता येते.

मुलं, आईवडील आणि सोबतीला बसणारे

लहान मुलाच्या सेशनसाठी संमती आईवडील किंवा पालक देतात आणि उत्तराच्या शेवटी स्वतःचं नाव लिहितात. मूल 14 वर्षांचं झालं की त्याच्या मेडिकेअरच्या नोंदी आईवडिलांना आपल्या ऑनलाइन खात्यातून दिसणं बंद होतं, आणि 15 पासून त्याला स्वतःचं वेगळं कार्ड काढता येतं. किशोरवयीन मुलाला थेरपी हवी असेल पण घरी सांगायचं नसेल, तर तो जीपीशी एकट्याने बोलू शकतो. उपचार समजून घेण्याइतकी प्रगल्भता त्याच्यात आहे का, हे डॉक्टर ठरवतात. आईवडिलांना हे ऐकायला जड जातं, पण मुलाने मदत मागितली हीच मोठी गोष्ट आहे.

वृद्ध किंवा आजारी माणसाला स्वतः सही करता येत नसेल, तर त्याच्या वतीने कुटुंबातलं किंवा दुसरं जबाबदार माणूस करू शकतं. सायकॉलॉजिस्ट स्वतः, त्यांच्या क्लिनिकमधले कर्मचारी, हॉस्पिटलचे किंवा वृद्धाश्रमाचे कर्मचारी यांना मात्र ती करता येत नाही. आजीला मेल वापरता येत नाही म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीनेच ‘संमती’ टाइप करून ठेवली, हे चालत नाही, तिचा हेतू कितीही चांगला असला तरी. आणि मुलगा आईच्या मेलवरून उत्तर देत असेल तर आईला आधी वाचून दाखवावं, तिने हो म्हटल्यावरच पाठवावं, आणि खाली कुणाच्या वतीने कोण लिहितंय ते स्पष्ट असावं. इंग्रजी अडत असेल तर टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेच्या 131 450 या नंबरवर दुभाषा मिळतो. थेरपीच्या बोलण्यासाठी नातेवाइकाला दुभाषा करू नका. नेमकं जे सांगायचं असतं तेच माणूस आपल्या पोरांसमोर गिळून टाकतो.

मार्च 2023 पासून एक उपयोगी सोय झाली आहे. रुग्णाच्या उपचारात सहभागी असलेल्या व्यक्तीबरोबर, म्हणजे जोडीदार, आईवडील किंवा काळजी घेणाऱ्याबरोबर, रुग्ण हजर नसतानाही वर्षाला 2 पर्यंत सेशन्स मेडिकेअरखाली होऊ शकतात. त्यांना रुग्णाची संमती लागते, ती नोंदवावी लागते, आणि ती रुग्णाच्याच 10 मधून वजा होतात. म्हणजे आईने सायकॉलॉजिस्टशी तासभर बोलायचं ठरवलं, तर लेकीचं एक सेशन त्यात जातं. तिला हे आधी ठाऊक असायला हवं.

हमखास अडणाऱ्या जागा

भारतात सुट्टीवर असताना नेहमीच्या सायकॉलॉजिस्टशी व्हिडिओवर बोललात, तर त्या सेशनला रिबेट नाही. टेलिहेल्थसाठी, म्हणजे व्हिडिओ किंवा फोनवरच्या सेशनसाठी, रुग्ण आणि सायकॉलॉजिस्ट दोघेही सेशनच्या वेळी ऑस्ट्रेलियात असावे लागतात. पुण्यात बसून घेतलेलं सेशन इथलं म्हणून दाखवणं ही चुकीची माहिती देऊन लाभ घेणं ठरतं. सहा आठवडे जाणार असाल तर त्या काळातली सेशन्स पूर्ण फी देऊन घ्यायची की थांबवायची, हे निघण्याआधी ठरवा.

खासगी विम्याच्या एक्स्ट्राजमध्ये (हॉस्पिटलबाहेरच्या सेवांच्या भागात) सायकॉलॉजी असली तरी एकाच सेशनवर मेडिकेअर आणि विमा दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. गॅप विम्यातून भरून काढण्याचाही मार्ग नाही. शहाणपणाची पद्धत म्हणजे आधी मेडिकेअरची 10 वापरायची आणि मग उरलेल्या वर्षासाठी एक्स्ट्राजकडे वळायचं. गॅपची रक्कम मात्र मेडिकेअर सेफ्टी नेटच्या हिशोबात धरली जाते. वर्षभरातल्या अशा खर्चाने ठरलेली मर्यादा ओलांडली की पुढच्या रिबेटमध्ये वाढ मिळते. एकट्या माणसाला त्यासाठी काही करावं लागत नाही, कुटुंबांना मात्र नाव नोंदवावं लागतं.

दोन सायकॉलॉजिस्ट बदलले असतील तर सेशन्सचा आकडा हमखास चुकतो, कारण नव्या क्लिनिकला जुन्याची 4 झालेली माहीत नसतात. अकरावं सेशन बल्क बिल करायला गेलं की क्लेम नाकारला जातो. मग बिल कुणी भरायचं हा प्रश्न उभा राहतो. 132 011 वर मेडिकेअरला फोन करून ‘या वर्षी माझी किती वापरली गेली?’ विचारता येतं. क्लिनिकलाही त्यांच्या पोर्टलवरून तपासता येतं.

नको म्हणायचं असेल तर

लाभ सोपवायला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण नकाराने फी माफ होत नाही. सेशन झालेलं असेल तर क्लिनिक तुम्हाला खासगी बिल देईल, ते तुम्ही भराल, आणि दोन वर्षांच्या आत मायगव्हवरून किंवा फॉर्म भरून रिबेट घ्याल. मेडिकेअरला या सेशनचा थांगपत्ता लागू नये अशी इच्छा असेल, तर क्लेमच करू नका आणि क्लिनिकला तसं लेखी कळवा. एकदा दिलेली आणि पैसे चुकते झालेली संमती मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. पुढच्या सेशन्ससाठी मात्र कधीही थांबता येतं, आणि प्रत्येक सेशनला वेगळी संमती असण्याचा फायदा तो हाच.

महिन्यातून एकदा मायगव्हमधला क्लेम इतिहास चाळा. न झालेलं सेशन, चुकीची तारीख, व्हिडिओऐवजी समोरासमोरचा नंबर, असं काही दिसलं तर आधी क्लिनिकला मेल करा: कुठली तारीख, काय दिसतंय, प्रत्यक्षात काय झालं, एवढं तीन ओळींत. बहुतेक चुका टायपिंगच्या असतात आणि क्लिनिक आठवडाभरात सुधारतं. उत्तर आलं नाही किंवा तीच चूक पुन्हा दिसली, तर मेडिकेअरला कळवा आणि संमतीच्या मेलांचं ते फोल्डर जवळ ठेवा. क्लिनिकने चुकीचा क्लेम मागे घेतला की ते सेशन तुमच्या 10 मध्ये परत मोकळं होतं.